आवाज काढून टाकलेली तबकडी

२ फेब्रुवारी

दादा,

तब्येतीची चौकशी शेवटी करते, आधी भांडण.

तुमच्या बँडच्या 'उलटी नदी' अल्बमची पेटी काल हातात पडली. गॅरेजमध्ये सगळ्यांदेखत उघडली. आतल्या पुस्तिकेत ध्वनिमुद्रक म्हणून तुझं नाव मुंगीएवढ्या अक्षरात छापलंय, त्यावर बोट ठेवून सगळ्यांना दाखवलं. पेंटर म्हणाला, एवढं बारीक नाव तर आम्ही गाडीच्या पाट्यांवर पण टाकत नाही. मी त्याला गप्प केलं, कारण तुला नावं ठेवायचा हक्क फक्त माझा.

गाणी तर गेल्या वर्षीपासून तोंडपाठ आहेत. पेटी घेतली ती दुसऱ्या तबकडीसाठी, नुसत्या वाद्यांच्या आवृत्त्यांसाठी. सिंफनिक मेटल म्हणजे काय, हे मी आईला नेहमी असं सांगते की एकीकडे व्हायोलिनवाल्यांची अख्खी पलटण, दुसरीकडे गिटार-ड्रमवाले चार दांडगे, आणि मधे एक बाई, जी दोघांनाही पुरून उरते. मला वाटलं, बाई बाजूला झाली की या दोघांची खरी जुंपेल, एकमेकांची डोकी फोडतील आणि मी हेडफोन लावून मजा बघेन.

आणि तुम्ही काय दिलंत? बाईचा आवाज पुसला आणि बाकी सगळं होतं तसंच ठेवलं. जिथे ती गाते तिथे व्हायोलिनं अजून अंग चोरून बसली आहेत. ती नाहीच, तर जागा कुणाला सोडताय? गिटार आपली त्याच दोन सुरांवर दळण दळतेय. चार ठिकाणी तर मला वाटलं माझा हेडफोनच बिघडला. याला आवृत्ती म्हणत नाहीत दादा, याला अंगचोरपणा म्हणतात.

सगळ्यात जास्त राग आला तो पाचव्या गाण्याचा. 'वितळलेली घंटा'मधली ती किंकाळी तुला मी सांगायला नको. सगळी वाद्यं थांबतात, क्षणभर काहीच नाही, आणि मग ती किंचाळते. ती किंकाळी माझ्या फोनची रिंग आहे. आई दर वेळी स्वयंपाकघरातून ओरडते, 'अगं, त्या बाईला कुणी मारतंय का?' आणि आम्ही दोघी हसतो. तर या आवृत्तीत किंकाळीच्या जागी काय आहे? आधी धपधप काहीतरी वाजतं, आणि मग विहिरीच्या तळातून यावी तशी अंधूक किंकाळी. पुसायचं तर नीट पुसायचं. असं अर्धवट काम मी गाडीच्या दारावर केलं असतं तर गिऱ्हाइकाने ते दार माझ्याच डोक्यात घातलं असतं.

रागाच्या भरात तबकडी ऐरणीवर ठेवून हातोडीने फोडली. तुकडे पार छतापर्यंत उडाले. बरं वाटलं.

आता तब्येत. कशी आहे? आईचं गुडघ्याचं दुखणं तेच. तुला जेवणाचं विचारायला सांगितलंय.

तुझी,
हातोडी

१४ फेब्रुवारी

प्रिय हातोडी,

तुझं पत्र हॉटेलच्या माणसाने सगळ्यांसमोर आणून दिलं. ड्रमर म्हणाला, चाहतीचं प्रेमपत्र आलं वाटतं. मी म्हटलं, हो, वाचताना दात पडतील असं प्रेम.

आधी एक सांगून ठेवतो. फोन करू नकोस. दौऱ्यावर कप्तान सगळ्यांचे फोन काढून एका डब्यात ठेवतो, नवीन गाणी बाहेर फुटू नयेत म्हणून. पुढच्या मुक्कामांचे पत्ते पाठीमागे लिहिलेत. शिवाय फोनवर तू नुसती भांडतेस, पत्रात निदान मधूनमधून पूर्णविराम देतेस.

आता तुझी तक्रार. बरोबर आहे. वाद्यांची तबकडी ही आमची कल्पनाच नव्हती, कंपनीला पेटी जाड दिसायला हवी होती. मला एक दिवस मिळाला. नवीन काही रचायला वेळ कुठून आणणार? गायिकेच्या आवाजाचे ट्रॅक बंद करायचे, बाकीचं जुळवायचं आणि पाठवून द्यायचं. ती अंधूक किंकाळी कशी राहिली तेही सांगतो, म्हणजे तुला हसायला आणखी एक कारण. गाताना तिच्या तोंडासमोर एक माइक असतो, आणि खोलीच्या दोन कोपऱ्यांत, लांब, आणखी दोन. ते नुसती खोलीची हवा टिपतात. समोरचा माइक मी बंद केला, कोपऱ्यातले त्या गाण्यात विसरलो. एवढी वर्षं या धंद्यात काढून अशी चूक शिकाऊ पोरासारखी. त्यात त्या दिवशी गायिका शेजारी येऊन बसली होती. मी दुपारपर्यंत पाणीसुद्धा प्यायलो नव्हतो, तर म्हणाली, जा, जेवून या, मी बसते इथे. आल्यावर पुन्हा न ऐकताच पाठवून दिलं. कप्तान दारात उभा राहून आरडाओरडा करत होता ना.

कप्तानाचं तुला माहीतच आहे. बँड त्याचा, गिटार त्याची, गाणारी बायको त्याची, डोकं मात्र कुणाच्याच ताब्यात नाही. गेल्या महिन्यात सूर चुकला म्हणून एका व्हायोलिनवाल्यावर झांजेचा स्टँड फेकून मारला. कपाळाला टाके पडले. दुसऱ्या दिवशी दोघं एकत्र नाश्ता करत होते. कलावंत माणूस, तापट असायचाच. आपण आपलं काम करावं आणि डोकं खाली ठेवावं.

आईला सांग, वेळेवर जेवतो. दुसरी तबकडी मी पाठवू का? ही फोडू नकोस.

दादा

२५ फेब्रुवारी

दादा,

तबकडी पाठवू नकोस, मी दुसरी विकत आणली. हसू नकोस. फोडल्यावर डोक्यातून ती धपधप जाईना.

आमच्याकडे एक मोठी गाडी आली आहे, पुढचा भाग पार चेपलेला, पण आतले स्पीकर एकदम भारी. मालक म्हणाला महिनाभर ठेवा, मला बघवत नाही तिच्याकडे. काचेवर अजून त्याच्या बायकोच्या कपाळाची खूण आहे. बाई वाचली. जेवायच्या सुट्टीत मी त्या गाडीत बसले, काचा वर केल्या आणि पाचवं गाणं लावलं. आवाज पूर्ण.

दादा, दिवसभर मी ठोकते. पत्र्यावर थेट हातोडी मारली तर चरा पडतो, म्हणून आधी जाड कापड गुंडाळायचं आणि मग मारायचं. त्याचा आवाज मला झोपेत पण ओळखू येईल. दणका नाही, दबलेला, आत जाणारा. तुझ्या त्या धपधपीत तोच आवाज आहे. कापडाखाली काहीतरी आहे आणि कुणीतरी त्यावर मारतंय.

वाद्यं थांबल्यावर ड्रमर काही आपटतो का? त्याला विचार. मला हे कोडं सुटल्याशिवाय चैन पडायचं नाही.

आणि तो झांजेचा स्टँड. कपाळाला टाके पडले आणि तू मला हे नाश्त्यापर्यंत नेऊन सांगतोस. कलावंत असायचं तर डोकं फोडावं लागतं का? आमच्या पेंटरने माझ्यावर डबा फेकला असता तर मी त्याला त्याच डब्यात बुडवला असता.

हातोडी

८ मार्च

प्रिय हातोडी,

घाईत आहे, आज दोन गावांच्या मधे आहोत.

ड्रमरला विचारलं. तो म्हणे, मी तेव्हा तिथे नव्हतोच. मग काय, स्टँड पडला असेल, नाहीतर कुणाचा पाय खुर्चीला लागला असेल. खोलीत हजार वस्तू असतात. तू म्हणतेस म्हणून त्यातून भूत काढू का?

एक विनंती. हे बाहेर कुठे लिहू-बोलू नकोस. चाहत्यांच्या मंडळात तर मुळीच नको. कप्तानाच्या कानावर गेलं की कोपऱ्यातले माइक मी उघडे ठेवले, तर माझी नोकरी जाईल, आणि जाताना बरोबर दोनचार दातही जातील. आईला यातलं काही सांगू नकोस.

दादा

१७ मार्च

दादा,

पडलेली वस्तू एकदा आपटते. फार तर एकदा उसळते. यात तीन ठोके आहेत, आणि दोन ठोक्यांच्या मधे मारणारा श्वास घेतो. श्वास ऐकू येतो.

पहिल्या दोन ठोक्यांना बाईचा आवाज येत नाही. तोंड मिटून धरलंय तिने. मग एक पुरुष बोलतो. मी ते इतक्या वेळा ऐकलं की गाडीची बॅटरी उतरली. तो म्हणतो, 'आता गा.' मग तिसरा ठोका. आणि मग माझी किंकाळी.

माझी म्हणते मी. फोनवर ठेवली होती. बँकेतून फोन आला की ती वाजायची, पार्सलवाला दारात आला की वाजायची. काल काढून टाकली.

आईला सांगू नकोस म्हणालास. मी तिला काही सांगितलं नाही, नुसता हेडफोन तिच्या कानांवर ठेवला. तिने ते गाणं पूर्ण ऐकलं, हेडफोन काढून माझ्या हातात दिला आणि गॅस बंद करून आली. म्हणाली, 'मी कधीपासून विचारतेय तुम्हाला, आणि तुम्ही दात काढत होतात.'

तुझ्याकडे मूळ ट्रॅक असतील. ऐक. कान तुझे आहेत, भूत माझं नाही.

हातोडी

६ एप्रिल

हातोडी,

बरेच दिवस पत्र नाही म्हणून तू मला शिव्या घालत असशील. घाल.

ऐकलं. तू म्हणतेस ते सगळं आहे. मूळ ट्रॅकमध्ये त्याहून जास्त आहे, ते मी तुला लिहिणार नाही. किंकाळीच्या आधीची ती जागा कप्तानाने तेव्हा स्वतः बसून गाण्यातून बंद करून घेतली होती, म्हणून तिथलं मी कधी ऐकलंच नव्हतं.

त्या दिवशी कप्तानाने मला बाहेर काढलं होतं. म्हणाला, तिला माणसांसमोर मोकळेपणाने किंचाळता येत नाही, तू माइक लावून दे, बटण मी दाबतो. मी बाहेर पायरीवर बसलो. आत बोलावलं तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पाणी पीत होती आणि तो खुशीत होता. मला म्हणाला, ऐक, याला म्हणतात गाणं. मी ऐकलं, आणि खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. मी तिला शाबासकी दिली. तिने मान हलवली.

आता पुढचं ऐक. कार्यक्रमात त्या जागी रंगमंचावर पूर्ण अंधार होतो, तुला माहीत आहे. तो अंधार माझ्या इशाऱ्यावर होतो. मी हेडफोनमधून दिवेवाल्याला सांगतो, 'काळोख,' की तो सगळे दिवे पाडतो. त्या वेळी तिचा माइक लोकांसाठी बंद असतो, पण मला हवा तर माझ्या हेडफोनमध्ये ऐकता येतो. कधी ऐकला नव्हता. बंद माइक कशाला ऐकायचा? तुझं पत्र आल्यानंतरच्या दुसऱ्या कार्यक्रमाला मी तो लावला.

अंधार झाला. लोक पाय आपटायला लागले. माझ्या कानात एक ठोका आला. मग दुसरा. मग त्याचा आवाज, अगदी शांत, कुणाला मीठ मागावं तसा. 'आता गा.' तिसऱ्या ठोक्याला मला सगळं फेकून पळत सुटायचं होतं. पण माझा हात काय करत होता सांगू? सवयीने तिच्या माइकचा आवाज वाढवणारी पट्टी वर ढकलत होता, किंकाळी लोकांपर्यंत नीट पोचावी म्हणून. पोचली. लोक वेडे झाले.

पोटाभोवती ती जाड चामड्याचा पट्टा घालते, पोशाखाचा भाग म्हणून. मला तो नेहमी छान वाटायचा. आता कळलं की तो ठोका त्या पट्ट्यावर पडतो. बाहेर काही दिसत नाही.

दर कार्यक्रमाला, हातोडी. आणि पुढे अख्खा उन्हाळा कार्यक्रम आहेत.

मी काय करू ते मला सुचत नाही. पोलिसांकडे गेलो तर ती माझ्या बाजूने बोलेल का? बोलली नाही तर त्या दिवशी तिचं काय होईल? मी आवाज टिपणारा माणूस आहे, मारामारी मला कधी जमली नाही. लहानपणी पण माझ्या वाट्याची तूच करायचीस.

दादा

१५ एप्रिल

दादा,

गेल्या वर्षी तुम्ही आमच्याकडे आलात तेव्हा तू मला फुकट पास दिला होतास. मी पुढून तिसऱ्या रांगेत होते. अंधार झाला तेव्हा सगळ्यांत आधी पाय कुणी आपटायला सुरुवात केली असेल, तर मी. गळा बसेपर्यंत ओरडले, 'दे, दे, दे.' आणि पंधरा पावलांवर तो तिला मारत होता. आमच्या पायांच्या आवाजात ते झाकलं जावं म्हणूनच तर तो थांबत असणार. तीन दिवस मला जेवण गेलेलं नाही. आज एका दारावर ठोकताना थांबलेच नाही, पत्र्याला भोक पडलं. गॅरेजचा मालक माझ्या तोंडाकडे बघून आत गेला.

तू विचारतोस काय करू. अंधार कोण करतं? तू. मग करू नकोस.

तुला मारामारी करायची नाही, पोलिसांकडे जायचं नाही, भाषण ठोकायचं नाही. फक्त एक शब्द बोलायचा नाही. तेवढं तर तुला जमेल. तुझा जन्मच त्यात गेला.

पण आधी तिला सांग. तिला न विचारता तिचं काही उघड्यावर आणलंस तर तुझ्यात आणि त्याच्यात फार फरक राहायचा नाही. ती नको म्हणाली तर नको.

आणि तू तिला विचारलंसुद्धा नाहीस, नुसतं डोकं खाली ठेवून पट्ट्या ढकलत राहिलास, तर बावीस तारखेच्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत मी असेन. माझ्या पिशवीत काय असेल ते तुला माहीत आहे. तीन ठोके मला पण येतात, आणि मी कापड गुंडाळणार नाही. मग आईला तुरुंगात डबा पोचवावा लागेल आणि तिचे गुडघे दुखतील, ते तुझ्या डोक्यावर.

हातोडी

२५ एप्रिल

हातोडी,

हे पत्र पोलिस चौकीच्या बाकावर बसून लिहितोय. माझा जबाब झालाय, आता मूळ ट्रॅकच्या प्रती करून द्यायच्या आहेत. डाव्या कानाला टाके आहेत, घाबरू नकोस. कप्तानाचा रखवालदार मला ओढायला आला तेव्हा मी हेडफोन सोडेना, त्यात कान फाटला. ऐकू येतंय.

कार्यक्रमाच्या दुपारी तिचा माइक तपासायच्या निमित्ताने मी जवळ गेलो आणि तारेची गाठ सोडवता सोडवता म्हणालो, 'मी ऐकलंय. तुम्ही हो म्हणालात तर आज अंधार होणार नाही.' तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माइक फुंकला, एक-दोन-तीन म्हणाली. मग म्हणाली, 'बरं.' थोड्या वेळाने मागे वळून विचारलं, जुना लोखंडी स्टँड गाडीत आहे का, हा नवीन फार हलका आहे, डुगडुगतो. मी म्हटलं आहे. स्वतः आणून लावून दिला. तेव्हाही मला वाटलं, डुगडुगत असेल.

पाचवं गाणं आलं. वाद्यं थांबली. दिवेवाला माझ्या कानात विचारत होता, 'देऊ का? देऊ का?' मी तोंड मिटून बसलो. तू म्हणालीस तसं, तेवढं जमलं. लोकांनी पाय आपटायला सुरुवात केली आणि सगळे दिवे लख्ख चालू.

कप्तान रोजच्या सवयीने तिच्या मागे पोचला होता. डोळे मिटलेले होते त्याचे, दादागिरीची पण लय असते. दिवे आहेत हे त्याला कळलं तोवर हात निघाला होता. पहिला ठोसा सगळ्यांनी पाहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, हातोडी. खेळाचा भाग समजून टाळ्या वाजवल्या. मग पुढच्या रांगांनी तिचं तोंड पाहिलं, आणि टाळ्या पुढून मागे बंद पडत गेल्या. पाय थांबले. एवढा मोठा हॉल, आणि पंख्यांची घरघर ऐकू यायला लागली.

तो भानावर आला तेव्हा हसला आणि तिला जवळ घ्यायला हात पुढे केला. गिटारची तार दाबणारा हात, डावा. तिने तो स्टँड दोन्ही हातांनी उचलला, बुडाकडची जड चकती वर करून. त्याने हात मागे ओढून गिटारच्या दांड्यावर आणला, आणि पहिला फटका तिथेच, बोटांवर. हाडं आणि तारा एकदमच तुटल्या. दुसरा जबड्यावर. तो गुडघ्यांवर आला. ड्रमर उठून उभा राहिला होता, मला वाटलं तो तिला अडवेल. त्याने हातातल्या काठ्या खाली टाकल्या आणि तो परत बसला. ती वाकून काहीतरी म्हणाली. माझ्या कानात अगदी स्वच्छ आलं, सांगायला नको काय ते. मग तिसरा फटका, खांद्याखाली.

किंकाळी आली, ती त्याची. मी पट्टी वर ढकलली, पूर्ण. या वेळी सवयीने नाही.

आता त्याच्यावर एक गुन्हा आहे आणि तिच्यावर एक. तिला पोलिसांनी आधी दवाखान्यात नेलं. बरगड्यांचा फोटो काढला तर त्यात नव्या मोडीपेक्षा जुन्याच जास्त. त्याची तीन बोटं पुन्हा वळायची नाहीत म्हणे. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

नोकरी अर्थातच गेली. काल तिला भेटायला सोडलं तेव्हा मी सगळं कबूल केलं, की कोपऱ्यातले माइक माझ्या निष्काळजीपणामुळे उघडे राहिले, बहिणीने ऐकले, म्हणून हे सगळं सुरू झालं. ती हसायला लागली. बरगड्यांमुळे हसता येईना, तरी हसली. मग तुझं पहिलं पत्र मागितलं. ते भांडणाचं. मी देऊन आलो, तू रागावू नकोस.

आईला म्हणावं, आता माझ्या जेवणाचं विचारायचं नाही, मी घरीच येतोय.

दादा

१९ मे

नमस्कार,

तुमच्या दादांकडून पत्ता घेतला. मी ती गाणारी.

तुमचं पत्र माझ्या उशीखाली आहे, घडी पार मऊ पडली. दादांना त्यांची चूक वाटते, म्हणून आधी तेवढं सरळ करते. ते त्या दिवशी जेवायला गेले तेव्हा कोपऱ्यातले माइक बंदच होते. माणूस कामाचा पक्का आहे. त्या एका गाण्यात ते मी उघडले. कुठली पट्टी कशाची हे त्यांच्या शेजारी बसून बसून कळलं होतं. कप्तान दारात उभा राहून ओरडत होता आणि मी त्याच्याकडे पाठ करून एकेक पट्टी वर सरकवत होते. तळहाताला इतका घाम होता की बोट निसटत होतं.

तोंडाने कुणाला सांगायची माझ्यात हिंमत नव्हती. एकदा बहिणीला सांगितलं तर तिने त्यालाच फोन करून समजवायचा प्रयत्न केला. त्यानंतर आठवडाभर मला वाकता येत नव्हतं. म्हणून म्हटलं, आवाज काढून टाकलेल्या तबकडीत ठेवू. कप्तान ती कधीच ऐकणार नाही, कारण त्याच्या मते माझ्याशिवाय गाण्यात राहतं ते सगळं त्याचं स्वतःचं, आणि ते त्याला पाठ आहे. पेटी हजारो लोकांकडे जाईल. त्यातलं एक तरी माणूस ऐकेल.

मग मी वाट बघत बसले. चाहत्यांची पत्रं मला वाचायला मिळायची. कुणी लिहायचं, वाद्यांची आवृत्ती अप्रतिम. कुणी लिहायचं, तुमच्याशिवाय पण गाणं उभं राहतं, वा. कुणाला काही खटकलंच नाही. तुम्ही मात्र लिहिलंत की पुसायचं तर नीट पुसायचं. तुम्ही ती फोडलीत आणि पुन्हा विकत आणून ऐकलीत. एवढ्या सगळ्या कौतुकात तुमची तेवढी तक्रार उपयोगी पडली.

तुम्ही तिसऱ्या रांगेत पाय आपटत होतात, हेही दादांनी सांगितलं. तुम्हाला त्याचं फार लागलंय असं म्हणाले. लागू दे. अंधारात तुमचे पाय सुरू झाले की मी बरगड्या आखडून धरायचे, कारण त्या आवाजाआधी तो कधी मारायचा नाही. तुम्हाला माहीत नव्हतं हे मला कळतं. राग अजून गेलेला नाही, खोटं कशाला लिहू. पण तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. इतक्या लोकांमध्ये नीट प्रश्न एकट्या त्यांनीच विचारला.

कोर्टाची पहिली तारीख पुढच्या महिन्यात आहे. वकील म्हणतात तिसऱ्या फटक्याचं उत्तर द्यावं लागेल, पहिल्या दोन फटक्यांचं समजवता येईल. मी म्हटलं, तिसऱ्याचंच उत्तर माझ्याकडे आहे, ते रेकॉर्डवर आहे.

बरगड्या भरून येताहेत. डॉक्टर म्हणतात गळ्याला काही झालेलं नाही, गाता येईल. काल खोलीत कुणी नव्हतं, खिडकी लावली आणि ती किंकाळी करून पाहिली. उभं राहून केली, बसून केली, पोटावर हात दाबून केली.

मला ती येत नाही.